कवळी वाटायची नसते, बसवायची असते

प्रति,
मा. मंत्री, सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

मी मिरजेत दातांची लॅब चालवतो. डॉक्टर नाही, 1948 च्या डेंटिस्ट्स ॲक्टमध्ये आम्हाला 'डेंटल मेकॅनिक' म्हटलंय. दवाखान्यात डॉक्टर तोंडाचं माप घेतात, ते माप डब्यात घालून आमच्याकडे येतं आणि कवळी होऊन परत जातं. ज्या माणसाच्या तोंडात ती जाणार त्याचा चेहरा आम्हाला बहुतेक वेळा दिसतच नाही. दिसतं ते त्याच्या जबड्याचं मॉडेल. त्यावरून मात्र बरंच कळतं. दात जाऊन किती वर्षं झाली, हिरडीखालचं हाड किती झिजलंय, आधीची कवळी कुठे टोचत होती.

पत्र लिहायचं कारण आपल्या खात्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना. 2024 मध्ये ती आली. 65 वर्षं पुरी झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 2 लाखांच्या आत असलेल्या माणसाच्या खात्यात एकरकमी 3,000 रुपये जमा होतात, त्यातून त्याने गरजेचं साधन घ्यायचं. साधनांच्या यादीत चष्मा आहे, श्रवणयंत्र आहे, वॉकर आणि कमोड खुर्ची आहे, गुडघ्याला नी-ब्रेस आहे, कमरेला लंबर बेल्ट आहे, मानेला सर्व्हायकल कॉलर आहे. आणि शेवटी 'इत्यादी' आहे. कवळी शोधायची तर त्या 'इत्यादी'त. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना 2017 पासून आहे, कानपूरचं भारतीय कृत्रिम अंग निर्माण निगम ती राबवतं, आणि तिच्या यादीत कृत्रिम दातांचं नाव स्पष्ट छापलेलं आहे. आपल्याकडे मान, कंबर, गुडघा सगळ्यांची सोय झाली. ज्या तोंडातून भाकरी पोटात जाते त्याचं नाव राहून गेलं.

यादीत एक शब्द वाढवा, एवढंच सांगायचं असतं तर पोस्टकार्ड पुरलं असतं. पण तो शब्द वाढला आणि बाकी सगळं तसंच राहिलं, तर काय होईल ते मला आत्ताच दिसतंय. गावोगाव शिबिरं लागतील, मापं घेतली जातील, कवळ्या वाटल्या जातील, फोटो निघतील, आणि त्यातल्या कितीतरी कवळ्या पंधरा दिवसांत फडताळातल्या वाटीत जाऊन पडतील. वॉकर तयार मिळतो, उंची कमी-जास्त केली की झालं. चष्म्याला नंबर असतो. कवळीला नंबर नसतो. दोन सख्ख्या भावांची कवळी एकमेकांना होत नाही. म्हणून तिचा हिशेब किती वाटल्या यावर करता येत नाही, किती बसल्या यावरच करावा लागतो. बसण्याच्या बाबतीत आता डिजिटल तंत्राने जी सोय झाली आहे ती सरकारी योजनेला खासगी दवाखान्यापेक्षाही जास्त उपयोगाची आहे, असं माझं म्हणणं आहे. तेच सविस्तर मांडतो.

आधी कवळी टिकते कशी ते सांगितलं पाहिजे, कारण पुष्कळ शिकलेल्या माणसांनाही वाटतं की ती कशाने तरी चिकटवलेली असते. वरच्या पूर्ण कवळीला ना स्क्रू, ना तार, ना डिंक. काचेचे दोन ओले तुकडे एकमेकांवर ठेवले की ते सरकतात, पण ओढून सुटत नाहीत. मधला पाण्याचा पातळ पदर त्यांना धरून ठेवतो. टाळू आणि कवळी यांच्यामध्ये लाळेचा तसाच पदर असतो. तो जितका पातळ आणि सगळीकडे सारखा, तितकी पकड घट्ट. एखाद्या जागी फट वाढली की पदर तुटतो. कडेने हवा आत शिरली की मग माणूस बोलताना ओठाने कवळी सावरत बसतो. खालच्या कवळीचं दैव आणखी वाईट. तिला टाळू नाही, नालेच्या आकाराची अरुंद पट्टी तेवढी, आणि मध्ये जीभ सतत ढकलायला हजर. चांगल्या बसलेल्या कवळीनेही चावण्याचा जोर खऱ्या दातांच्या चौथाई-पाचव्या हिश्श्याइतकाच येतो. सैल कवळीने तर ज्वारीची भाकरी आमटीत कालवूनच खावी लागते, आणि मग ती कवळी काढून ठेवूनही खाता येतेच.

आता ही फट येते कुठून? डॉक्टरचं माप चुकलं असं म्हणून आम्ही मोकळे होतो, लॅबने बिघडवलं असं म्हणून डॉक्टर मोकळे होतात. खरी गोष्ट अशी की जुन्या पद्धतीत प्रत्येक पायरीवर थोडंथोडं हलतंच, कोणी कितीही मन लावून काम करो. माप घ्यायच्या अल्जिनेट नावाच्या लगद्याचं माप उघडं राहिलं की सुकतं आणि आकसतं, म्हणून त्यात दहा-पंधरा मिनिटांच्या आत प्लास्टर ओतायला हवं. प्लास्टर घट्ट होताना किंचित फुगतं. दात लावायचे ते मेणावर, आणि आमच्याकडचा मे महिना मेणाला मानवत नाही. दुपारी लावलेला दात संध्याकाळी जागचा हललेला असतो. मग मेणाची ती कवळी फ्लास्क नावाच्या डब्यात प्लास्टरात गाडायची, गरम पाण्याने मेण काढून टाकायचं, रिकाम्या झालेल्या साच्यात ॲक्रिलिकचा गोळा दाबून भरायचा आणि फ्लास्क पाण्यात शिजवायचा. ही पद्धत 1930 च्या दशकाच्या अखेरीस ॲक्रिलिक आलं तेव्हापासूनची. त्याआधी कवळ्या गंधक घालून शिजवलेल्या काळपट-तांबूस रबराच्या असत. ॲक्रिलिकने हिरडीचा रंग आणला, वजन कमी केलं, पण फ्लास्क आणि शिजवणं तेच राहिलं.

खोड या शिजवण्यातच आहे. ॲक्रिलिक घट्ट होताना आकारमानाने जवळजवळ 7 टक्के आकसतं. साच्यात दाबून धरल्यामुळे हे सगळं आकसणं कवळीच्या मापात उतरत नाही, लांबी-रुंदीत अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर दिसतं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ते सगळीकडे सारखं होत नाही. कवळीच्या दोन्ही बाजू आत ओढल्या जातात आणि टाळूचा मधला भाग मॉडेलपासून वर उचलला जातो. सगळ्यात मोठी फट पडते मागच्या कडेला, मधोमध. वरच्या कवळीत हवा अडवायचं काम नेमकं त्याच कडेचं! आम्हाला हे माहीत असतं, म्हणून मॉडेलवर त्या जागी आधीच खरवडून खाच पाडतो. तिला पोस्ट डॅम म्हणतात. खाच किती खोल पाडायची याला अंदाज हेच माप.

त्यात घाई. शिजवायची रीत अशी की फ्लास्क 74 अंशांच्या पाण्यात रात्रभर, आठ-नऊ तास ठेवायचा. नाहीतर दोन तास 74 अंशांवर आणि मग एक तास उकळत्या पाण्यात. फ्लास्क थेट उकळत्या पाण्यात टाकला तर ॲक्रिलिकमधला मोनोमर नावाचा द्रव स्वतःच उकळतो आणि कवळीत बारीक बुडबुडे राहतात. गरम फ्लास्क नळाखाली धरून उघडला तर कवळी वाकते. स्वस्तातलं आणि तातडीचं काम आलं की या दोन्ही गोष्टी होतात. 3,000 रुपयांत कवळीचा जोड होतो का, असं कोणी आपल्याला विचारलं तर 'होतो' हेच उत्तर येईल. तो नळाखाली उघडलेल्या फ्लास्कमधून होतो. एका शिबिराची अल्जिनेटची मापं माझ्याकडे दुसऱ्या दिवशी आली होती, ओल्या कापसात गुंडाळून. त्यांवर कवळ्या करून द्या, असा निरोप होता. मी मापं परत पाठवली. कोणी ना कोणी ती केली असणारच.

डिजिटल पद्धतीत यातलं नेमकं काय बदलतं ते आता सांगतो, कारण त्या शब्दाखाली हल्ली काहीही खपतं. माप किंवा मॉडेल स्कॅनरमध्ये ठेवलं की त्याची त्रिमितीय प्रतिमा संगणकावर येते. कवळीची कड कुठवर न्यायची, दात कोणत्या रेषेत बसवायचे, चावताना कुठला दात कशावर टेकेल, हे सगळं पडद्यावर ठरतं. आणि मग त्याची फाईल कोरणाऱ्या मिलिंग मशिनला जाते. मशिनमध्ये ॲक्रिलिकची जाड गोल चकती बसवलेली असते, साधारण 98 मिलिमीटर व्यासाची. ती कारखान्यात जास्त उष्णतेवर, जास्त दाबाखाली आधीच पूर्ण शिजवलेली असते. जे आकसायचं ते तिथेच आकसून झालेलं. आपण त्या घट्ट चकतीतून कवळी कोरून काढतो, त्यामुळे टाळूचा मधला भाग उचलला जाण्याचा प्रश्नच उरत नाही. फ्लास्क गेला, मेण गेलं, रात्रभराचं शिजवणं गेलं. शिवाय हे ॲक्रिलिक जास्त दाट असतं. त्यात मोनोमर कमी उरतो, म्हणजे हिरडीची आग कमी. बुडबुडे नसल्यामुळे बुरशीलाही बसायला जागा कमी.

यंत्र विकणाऱ्यांच्या शब्दावर विसंबून हे लिहिलेलं नाही. अमेरिकेतल्या लोमा लिंडा विद्यापीठाच्या मंडळींनी 2016 मध्ये एकाच मॉडेलवर वेगवेगळ्या रीतींनी कवळ्या करून त्या मॉडेलवर कितपत नीट बसतात ते मोजलं; कोरलेल्या कवळ्या सगळ्यात अचूक निघाल्या. पुढच्या वर्षी त्यांच्याच गटाने दात नसलेल्या 20 माणसांच्या टाळूवर शिजवलेले आणि कोरलेले असे दोन्ही प्रकारचे बेस, म्हणजे कवळीचा टाळूला लागणारा भाग, बसवून ते ओढून पाहिले. कोरलेला बेस सुटायला जास्त जोर लागला. 20 माणसं म्हणजे फार नव्हेत, हे मान्य. पण आकसण्याचं गणित ज्याने फ्लास्कवर रोज पाहिलंय त्याला या निकालाचं आश्चर्य वाटत नाही.

थ्रीडी प्रिंटिंग ही दुसरी रीत. तिची जाहिरात जास्त होते, कारण यंत्र स्वस्त आणि माल वाया जात नाही. मिलिंगमध्ये चकतीचा मोठा भाग भुसा होऊन जातो. प्रिंटरमध्ये पातळ रेझिनचे 50 किंवा 100 मायक्रॉनचे थर प्रकाशाने एकावर एक घट्ट होत जातात. मग कवळी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवायची आणि पुन्हा प्रकाशाच्या पेटीत पक्की करायची. इथे रेझिन घट्ट होताना थोडं आकसतंच, प्रिंटरमध्ये कवळी कोणत्या कोनात उभी केली यावरही फरक पडतो, आणि मजबुती कोरलेल्या कवळीएवढी नसते. शेवटची पायरी घाईत उरकली तर कच्चं रेझिन थेट म्हाताऱ्या माणसाच्या हिरडीवर. माझं मत विचाराल तर तोंडात घालून पाहायची ट्राय-इन प्रिंटची करावी, जवळ ठेवायची कवळी कोरलेली असावी. निविदेत नुसतं 'डिजिटल कवळी' असं लिहिलंत तर येणारा प्रत्येक जण प्रिंटर घेऊन येईल.

पण खरं सांगू का, सरकारच्या दृष्टीने यातली सगळ्यात मोठी गोष्ट फटीची नाहीच. ती आहे फाईलची. माझ्या लॅबमध्ये कवळी तयार झाली की साचा फोडावा लागतो. प्लास्टर टोपलीत जातं आणि त्या तोंडाची काहीच नोंद उरत नाही. कवळी हरवली की सगळं पहिल्यापासून. आणि कवळ्या हरवतात, फुटतात. एसटीत राहतात, लग्नात जेवताना कागदी रुमालात गुंडाळून पत्रावळीबरोबर जातात, ऑपरेशनच्या आधी काढायला लावल्या की उशीखालून चादरीसकट धुलाईला जातात. जुन्या पद्धतीत चार-पाच खेपा होतात. ऐंशीच्या घरातल्या, अर्धांग झालेल्या किंवा विसरभोळेपणाने सगळ्या गोष्टींना नकार देणाऱ्या माणसाला त्या खेपा पुन्हा घालायला लावणं म्हणजे त्याला कवळीशिवाय राहा असंच सांगणं. फाईल असेल तर तीच कवळी पुन्हा कोरून टपालाने पाठवता येते. पहिल्या वेळीसुद्धा खेपा दोन-तीनवर येतात. आणखी एक उपयोग आहे. वापरून सवयीच्या झालेल्या जुन्या कवळीचं स्कॅन करून तिचा आकार नव्या कवळीत उतरवता येतो. म्हातारी माणसं नव्या कवळीवर रुसतात ती बहुतेकदा जिभेला जागा अनोळखी लागते म्हणून.

आता या तंत्राला काय जमत नाही तेही सांगायला हवं, नाहीतर उद्या आपण प्रत्येक तालुक्याला तोंडात फिरवायचा स्कॅनर घेऊन द्याल आणि तो कपाटात राहील. हिरडी, गाल, जीभ ही हलणारी, दबणारी, ओली कातडी आहे. कडेची कातडी गिळताना, बोलताना कुठवर वर-खाली होते ते मापाच्या ट्रेच्या कडेला ग्रीन स्टिक नावाची कांडी मऊ करून लावून, पेशंटला ओठ हलवायला, जीभ बाहेर काढायला लावूनच कळतं. स्कॅनरला कातडी जशी पडलेली असेल तशी दिसते. ती कुठे ओढली जाते ते दिसत नाही. दात नसलेल्या खालच्या जबड्यात तर त्याची फार धांदल उडते. म्हणून पूर्ण कवळीसाठी मधला मार्ग बरा. माप डॉक्टरने हातानेच, नीट कडा घडवून घ्यायचं, आणि स्कॅन त्या मापाचं करायचं, टेबलावरच्या स्कॅनरने.

बाईटचंही तसंच. खालचा जबडा वरच्याशी नेमका कुठे आणि किती उंचीवर मिटतो हे यंत्र शोधत नाही. बरीच वर्षं बिनदाताने काढलेल्या माणसाला जबडा पुढे काढून मिटायची सवय लागलेली असते. डॉक्टरने हनुवटीला हात लावून, धीर देऊन तो मागे आणावा लागतो. इथे चूक झाली तर टाळूला केसाइतकीही फट नसलेली कवळी पहिल्या घासाला डुगडुगते.

आणि हाड झिजतच राहतं. टॅलग्रेन या संशोधिकेने 25 वर्षं माणसांचा पाठपुरावा करून 1972 मध्ये दाखवून दिलं की कवळी वापरणाऱ्यांत खालचा जबडा वरच्याच्या साधारण चौपट झिजतो. म्हणजे आज बिनचूक बसलेली कवळी काही वर्षांनी सैल होणारच, मग ती अमेरिकेत कोरलेली का असेना. तेव्हा आतून नवा थर देऊन तिचं रिलायनिंग करावं लागतं. आपल्या योजनेतला 'एकरकमी' हा शब्द चष्म्याच्या काडीला ठीक आहे. कवळीच्या बाबतीत पुढच्या तपासणीचे आणि रिलायनिंगचे पैसे पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवले नाहीत, तर दिलेले 3,000 सुद्धा वाया जातात.

हे सगळं कुठे बसवायचं? मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासनाची दंत महाविद्यालयं आहेत. मुंबई महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय तर 1933 पासूनचं. यातल्या एका ठिकाणी मिलिंगची एक चांगली लॅब उभी राहिली तरी सुरुवात होते. जिल्हा रुग्णालयातल्या दंत विभागाला फक्त टेबलावरचा स्कॅनर, चांगले ट्रे आणि बरं इंटरनेट लागेल. माप तिथल्या डॉक्टरने घ्यायचं, तिथेच स्कॅन करायचं. अल्जिनेट सुकायची भीती नाही, मॉडेल एसटीच्या पार्सलमध्ये फुटायची भीती नाही. धडगावच्या किंवा भामरागडच्या माणसाला नागपूर-मुंबईची वारी घडवायची गरज नाही, फाईल जाईल. यासाठी वैद्यकीय शिक्षण आणि सार्वजनिक आरोग्य अशा दोन खात्यांशी आपल्याला बोलावं लागेल, आणि कवळीचं घोडं आजवर अडलंय ते इथेच असा माझा कयास आहे. वृद्ध आपल्याकडे, दंत महाविद्यालयं दुसऱ्या खात्याकडे, जिल्हा रुग्णालयं तिसऱ्याकडे.

माझ्या धंद्याचं काय, हा प्रश्न आपण विचारण्याआधी मीच काढतो. फ्लास्क आणि मेणावर पोट असलेल्या लहान लॅब गावोगाव आहेत, माझीही त्यांतलीच. मशिन आलं की त्या बंद पडतील अशी भीती आमच्यात आहे, आणि ती खोटी नाही. पण दात कसे लावावेत, ओठाला किती आधार हवा, कुठला दात जरा तिरका ठेवला की चेहरा नैसर्गिक दिसतो, हे संगणक आपोआप ठरवतो तेव्हा सगळ्यांना एकच हसू येतं. पडद्यावर दात लावायलाही हा हात आणि ही नजर लागते. म्हणून लॅबबरोबर जुन्या मेकॅनिकांना पडद्यावरचं काम शिकवणारा छोटा अभ्यासक्रम त्याच महाविद्यालयांत ठेवा. कोरलेल्या बेसमध्ये दात चिकटवणं, घासून चकाकी आणणं, टोचणारी कड कमी करणं, नंतरचं रिलायनिंग ही कामं गावातल्या लॅबलाच द्या. माझा यात स्वार्थ आहे, तो मी लपवत नाही.

यादीतल्या 'इत्यादी'च्या आधी कवळीचं नाव घालायचं आपण ठरवलंत, तर शासन निर्णयात एवढं जरूर यावं की मापाची फाईल शासनाच्या मालकीची राहील, कंत्राटदाराच्या नव्हे. कंत्राट संपलं म्हणून कोणाची कवळी अडता कामा नये. पैसे दोन टप्प्यांत सुटावेत, शेवटचा टप्पा कवळी वापरून महिना झाल्यावर डॉक्टरने तपासून सही केल्यानंतर. आणि अटी लिहायला बसाल तेव्हा त्या टेबलावर डॉक्टर आणि अधिकारी असतीलच, एक मेकॅनिकही बोलवा. मीच असं नाही, कोणीही चालेल. मला बोलावलंत तर एकाच तोंडाचं मॉडेल आणि त्यावरच्या दोन कवळ्या घेऊन येईन, एक फ्लास्कमध्ये शिजवलेली आणि एक कोरलेली. दोन्ही मॉडेलवर बसवून मागच्या कडेखाली, मधोमध, आपल्या टेबलावरच्या टिपणाचा कागद सरकवून पाहू या.

आपला,
मिरजेतला एक डेंटल मेकॅनिक